वहिनी, तुमचा मागचा बाक

वहिनी, तुमच्या कबरीत माझ्या स्कूटरची किल्ली आहे.

हे आधी सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्या किल्लीपासूनच सुरू झालं. मूठमाती द्यायला रांग लागली होती. दादाने दिली, तुमच्या लेकीने, रीनाने दिली, मग माझी पाळी आली. मी वाकलो, मूठभर माती उचलली. त्या मुठीत आधीपासून किल्ली आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं. माझं हे असंच असतं, तुम्हाला काय सांगायचं! तुमच्याच घरी एकदा हातात कप धरून मी "माझा चहा कुठाय?" म्हणून तुम्हाला स्वयंपाकघरातून बाहेर बोलावलं होतं. तर मी मूठ उघडली, आणि पेटीच्या झाकणावर टण्ण असा आवाज झाला. मातीचा असा आवाज होत नाही. पाळकसाहेब प्रार्थनेच्या मध्येच थांबले. फावडं घेऊन उभा असलेला माणूस हळूच म्हणाला, "साहेब, उतरून काढू का?"

"राहू दे," मी म्हटलं.

माझ्या बायकोने, एस्तेरने, माझ्याकडे असं बघितलं की तिथेच शेजारी माझ्यासाठीही जागा खणून घ्यावी असं वाटलं. आणि खरं सांगू? मला त्या क्षणी तुमचाच चेहरा दिसला. तोंडाला पदर लावलेला, आवाज नाही, नुसते खांदे हलताहेत. इतकी वर्षं मी तुम्हाला हसवायला धडपडलो. दिराचं घरात दुसरं काम तरी काय असतं? आणि माझा सगळ्यात जमलेला विनोद झाला तेव्हा तुम्ही झाकणाखाली.

तुम्ही गेल्याला अजून पंधरवडा व्हायचाय. सगळे दमलेत, वहिनी. दादा दमलाय, पण तो बसत नाही. घरात सारखा काहीतरी उचलून दुसरीकडे ठेवतो. रीना दमून पुण्याला परत गेली. आणि एस्तेर दमलीय ती तुमच्यामुळे. तुमचा फोन बंद झाल्यावर चर्चच्या मंडळीतल्या लोकांनी तिचा नंबर शोधून काढला. "कुसुमताई बघायच्या, आता तुम्ही बघाल ना?" कुणाची आई अंबरनाथच्या दवाखान्यात आहे, कुणाच्या बाळंतिणीला डबा हवाय. प्रभुभोजनाच्या मेजाचं पांढरं कापडही आमच्या बदलापूरच्या घरी येऊन पोचलं. ती ते धुते, इस्त्री करते, नाही म्हणत नाही. मी विचारलं, "जमेल का तुला हे सगळं?" तर म्हणाली, "ताईंना जमत होतं का, हे कुणी विचारलं होतं?"

मी उठून स्वतःचा चहा स्वतः केला. मी चहा केला म्हणजे प्रश्न किती अवघड होता ते समजा.

आता आपल्या भांडणाकडे येतो. ते अर्धवट राहिलंय, आणि तुम्ही निघून गेलात म्हणून मी जिंकलो असं काही मी मानत नाही.

आपल्या चर्चमध्ये बाकांवर कुणाची नावं लिहिलेली नाहीत, तरी कुठला बाक कुणाचा हे पोराटोरांनाही माहीत असतं. आपला डावीकडच्या रांगेत पुढून दुसरा, खिडकीजवळचा. वडिलांपासूनचा. तिथे दादा, मधे तुम्ही, मग मी आणि एस्तेर. आणि एका रविवारी तुम्ही आत आलात, आपल्या बाकापर्यंत येऊन दादाच्या हातात त्याचं गीतांचं पुस्तक दिलंत, आणि मागे वळून थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसलात. सरोजबाईंच्या शेजारी.

त्या आधी सरोजबाईंच्या शेजारी कुणी बसत नसे. त्यांचे यजमान आपल्याकडे पेटी वाजवायचे, गोड माणूस म्हणून सगळ्या मंडळीचे लाडके. सरोजबाईंनी एक दिवस दोन पिशव्या उचलल्या आणि त्यांचं घर सोडलं. का सोडलं हे त्यांनी सांगितलं नाही. मग लोकांनी आपापल्या मनाने सांगून टाकलं. यजमान पुढे नगरला गेले, दुसरा संसार थाटून सुखात राहिले. बाई इथेच राहिल्या, अंबरनाथला एका खोलीत, कारखान्यांतून येणाऱ्या जीन्सचे धागे कापत. त्यांना चर्चमधून कुणी काढलं नाही. आपल्यात कुणी कुणाला काढत नाही. फक्त बाक मोकळा होतो.

त्या मोकळ्या बाकावर तुम्ही जाऊन बसलात, आणि माझी पंचाईत झाली.

"वहिनी, आपला बाक ओस पडलाय हो. दादा तिथे टपालपेटीसारखा बसतो."

"मग तुम्ही सरका ना त्यांच्याजवळ."

"सरकतो. पण गाण्याचं काय? तो एका पट्टीत, मी दुसऱ्या पट्टीत. मधे तुम्ही होतात म्हणून पुढच्यांना कळत नव्हतं."

"पुढच्यांना सगळं कळत होतं, भाऊजी. एकदा मागे येऊन बसून बघा."

"काय आहे मागे एवढं?"

"पंखा आहे."

तुमचं उत्तर कायम हेच. पंखा आहे. मी दर महिन्या-दोन महिन्यांनी नव्या दमाने विचारायचो आणि तुम्ही तोच पंखा लावायचात.

एकदाच तुम्ही चिडलात. नाताळच्या करंज्या चालल्या होत्या, तुम्ही लाटत होतात, मी सारण भरतो म्हणून सारण खात होतो. तेव्हा मी जरा वकिलासारखा बोललो. "तुम्ही तिथे बसून बाईंचं काय बदललं? अजून कुणी त्यांच्या घरी चहाला जात नाही. हां, पाळकसाहेबांची मात्र सोय झाली. तीन रविवारांत दोनदा, उपदेश सुरू व्हायच्या आधीच तुमचं उदाहरण. ख्रिस्ताची प्रीती बघायची तर मागे वळून बघा म्हणतात. अख्खी मंडळी वळते."

तुमचं लाटणं थांबलं.

"त्यांना सांगायचंय मला, नका देऊ म्हणून," तुम्ही म्हणालात. "ती तिथेच बसलेली असते, भाऊजी. माझं कौतुक झालं की तिची मान खाली जाते. मला दिसतं ना शेजारून."

"मग सांगा की."

"सांगेन. आधी या करंज्या होऊ देत."

करंज्या झाल्या. नाताळ झाला. तुमचं सांगणं राहून गेलं. तुम्हाला सवड कधी होती?

तर किल्ली. दफनानंतर घरचे सगळे टेम्पोत बसून दादाकडे, विठ्ठलवाडीला निघाले. मी म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी स्कूटरवर आलोच. आणि सगळे दिसेनासे होईपर्यंत बंद स्कूटरपाशी फोन कानाला लावून उभा राहिलो. फोनवर कुणी नव्हतं. पडली ती स्कूटरचीच हे एस्तेरला मागाहून सांगीन म्हटलं, तिची दुसरी किल्ली घरी होती. मग रस्त्यावर येऊन शेअर रिक्षाला हात केला. ड्रायव्हरशेजारी एकजण जीन्सचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता.

"पीछे बैठो साईं, एक सीट है," ड्रायव्हर म्हणाला.

मागे एक कॉलेजची मुलगी आणि तिच्या शेजारी सरोजबाई. मी बसलो. वहिनी, इतक्या वर्षांत मी त्यांच्या इतक्या जवळ पहिल्यांदा बसत होतो, आणि तेही रिक्षात दुसरी जागा नव्हती म्हणून.

रिक्षा सुरू झाली. मग त्या समोर बघतच म्हणाल्या, "किल्ली ना?"

"हो."

"हसल्या असत्या त्या."

"हो. फार."

पुढे सिग्नलला रिक्षा थांबली. त्या म्हणाल्या, "आता रविवारी माझा खांदा रिकामा राहणार."

मला वाटलं शोकात माणूस बोलतं तसं काही असेल. मी मान डोलावली. त्यांनी ओळखलं असावं की मला काही कळलेलं नाही.

"उपदेश सुरू झाला की त्या इथे टेकायच्या," त्यांनी डावा खांदा थोपटला. "झोपायच्या हो, भाऊ."

"वहिनी? चर्चमध्ये?"

"गाढ. पहिल्या रविवारी येऊन बसल्या तेव्हा मला वाटलं, आता विचारणार, घर का सोडलंस. तोवर सगळ्यांचं विचारून झालंच होतं. त्यांनी विचारलं, 'मी जरा डोळे मिटले तर चालेल का तुम्हाला?' मी म्हटलं, मिटा. शेवटचं गाणं आलं की मी दंडाला हात लावून उठवायचे."

मला एकदम आठवलं, तुमच्या रविवारच्या पांढऱ्या ब्लाउजच्या बाहीवर नेहमी एक फिकट निळा डाग असायचा. एस्तेर कितीदा म्हणायची, ताईंच्या ब्लाउजला हे काय लागतं? मी सरोजबाईंच्या हातांकडे बघितलं. बोटांची टोकं निळी होती. दिवसभर जीन्स हाताळून ती तशीच राहतात.

"पण मागेच का?" मी विचारलं.

"पुढे बसल्या की कुणी ना कुणी हाक मारायचं. ताई, दवाखान्यात कधी येता? ताई, कापड झालं का? प्रार्थनेतसुद्धा मागून पदर ओढायचे. माझ्याजवळ कुणी येत नव्हतं ना. म्हणून तिथे त्यांना कुणी उठवत नव्हतं."

काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "तुम्हाला वाईट नाही वाटलं? म्हणजे, त्या तुमच्यासाठी म्हणून नाही, तर..."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडे तोंड वळवलं. "वाईट कशाला? अख्ख्या चर्चमध्ये माझा कुणाला उपयोग होत होता? त्यांना होत होता."

विठ्ठलवाडी आली. मी उतरलो, त्या पुढे अंबरनाथला गेल्या.

वहिनी, मी तिथे बराच वेळ रस्त्याच्या कडेला उभा होतो. तुमच्यावर थोडा रागावलोही. पंखा आहे, म्हणे! दमलेय एवढं म्हणायला काय झालं होतं? पण मग वाटलं, म्हणणार कुणाला? ऐकून घेणारे आम्ही कोण, तर करंज्यांचं सारण खाणारे.

चार दिवसांनी पाळकसाहेब घरी आले. तुमच्या स्मरणाची उपासना रविवारी ठरली होती आणि कुटुंबातून कुणीतरी बोलायचं होतं. दादा म्हणाला, "हा बोलेल. बोलायचं काम लहानपणापासून याच्याकडेच आहे."

"काय बोलू?"

"सरोजबाईंचं सांग. ती आपला बाक सोडून त्यांच्याशेजारी बसली, तेच तिचं सगळ्यात मोठं."

"उत्तम," पाळकसाहेब म्हणाले. "मंडळीला उदाहरण राहील."

ते गेल्यावर मी दादाला म्हटलं, "दादा, ते नको. बाई समोर बसलेल्या असणार. पुन्हा सगळे वळून बघणार. वहिनींना ते आवडत नव्हतं."

दादाने हातातली फुलदाणी टीव्हीवरून उचलून कपाटावर ठेवली. "मग मी एवढी वर्षं पुढे एकटा बसलो ते कशासाठी? माझी बायको असून एकटा. कुणी विचारलं तर सांगायचो, ती देवाचं काम करतेय. तेवढंच बोलायचंय तुला. तेवढंही जमत नाही?"

झोपेचं मी त्याला काय सांगणार होतो? की बाबा, ती देवाच्या कामासाठी नाही, जरा डुलकी काढायला जात होती? माणूस नुकता एकटा पडलाय. त्याच्याकडे तुमची म्हणून जी एक मोठी गोष्ट उरलीय, तीच मी काढून घेऊ? आणि ती गोष्ट त्याला दिली, तर सरोजबाईंची मान खाली. आणि आता शेजारी बघायला तुम्ही नाही.

एस्तेर मेजाच्या कापडाला इस्त्री करत होती. मी तिला रिक्षातलं सगळं सांगितलं. ती इस्त्री उभी करून थांबली. मग पुन्हा इस्त्री फिरवायला लागली.

रविवारी चर्च भरलं होतं. शेजारच्या कारखान्यात मशीनं चालू होती. पाळकसाहेब "शांततेत स्मरण करू या" म्हणाले की तीच ऐकू येतात, तशी ती आली. मग माझं नाव पुकारलं. मी पुढे जाऊन उभा राहिलो. माझ्या दुकानात दिवसभर गिऱ्हाइकांपुढे तोंड चालवणारा माणूस मी, पण हात आधी खिशात किल्ली चाचपायला गेला. दादाला त्या दिवशी पहिल्या रांगेत बसवलं होतं, तो माझ्याकडे बघत होता. सरोजबाई सगळ्यात मागे. मान आधीच खाली. त्यांना माहीत होतं काय येणार ते.

मी किल्लीचं सांगितलं. टण्ण सांगितलं. फावडेवाल्याचं "उतरून काढू का" सांगितलं. आधी कुणी हसायचं धाडस केलं नाही, मग मागच्या बाजूला कुणीतरी फिस्स केलं, आणि मग सगळेच हसले. हातातल्या कपाचं सांगितलं. तुम्ही कशा आवाज न करता हसायचात ते सांगितलं. दादाचे खांदे हलत होते. हसत होता की काय, मला तिथून कळलं नाही.

मग तो थांबला. वाट बघत होता. त्याला हवं होतं ते अजून आलं नव्हतं.

मी म्हटलं, "वहिनी कुठे बसायच्या, ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे. त्यावर मी भाषण करणार नाही. त्या मला नेहमी म्हणायच्या, एकदा मागे येऊन बसून बघा. मी कधी गेलो नाही. आज जातो."

आणि मी चालायला लागलो. वहिनी, आपलं चर्च इतकं लांब आहे हे मला माहीत नव्हतं. आपल्या बाकापाशी एस्तेरने मला जागा द्यायला पाय आत घेतले, मी थांबलो नाही. शेवटच्या बाकाशी सरोजबाईंनी मान वर केली. बाकावरची पर्स उचलून मांडीवर घेतली. मी बसलो.

पंखा खरंच आहे हो. थेट डोक्यावर.

पाळकसाहेबांनी उपदेश सुरू केला. मी मन लावून ऐकणार होतो, अगदी ठरवून. पंधरवड्यात धड झोप नव्हती. समोर सगळ्यांच्या पाठी होत्या, कुणी वळून बघत नव्हतं, आणि शेजारी एक माणूस होतं ज्याला माझ्याकडून काहीही नको होतं. त्यानंतरचं मला दंडावर हात पडला तेव्हाच कळलं. शेवटचं गाणं सुरू झालं होतं.

बाहेर आल्यावर दादा माझ्याकडे आला. मला वाटलं, आता मंडळीसमोर थोबाडीत बसते.

"झोपलास?"

"डोळे मिटले होते."

"ती पण मिटायची," दादा म्हणाला.

"तुला माहीत होतं?"

"शेवटचं गाणं काढायला पुस्तक वर धरायचो ना, तेव्हा जरा मागे बघून घ्यायचो. झोपलेली दिसायची. म्हटलं, झोपू दे. घरी कुठे झोपते?" त्याने रुमाल काढला, नाक पुसलं, परत घडी घातली. "म्हणून तर पुढेच बसून राहिलो. मीही मागे गेलो असतो, तर लोक माझ्या मागोमाग तिच्यापर्यंत आले असते. चर्चच्या कमिटीवर होतो ना."

"मग मला ते उदाहरणाचं का बोलायला सांगत होतास?"

"लोकांना तेवढंच समजतं. झोपेचं समजलं नसतं." मग रुमाल खिशात घालून म्हणाला, "बरं केलंस, नाही बोललास."

वहिनी, हे सगळं लिहिण्याआधी मी सरोजबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, लिहा, पण 'झोपायच्या' असं लिहू नका, 'डोळे मिटायच्या' असं लिहा. मी दोन्ही लिहिलंय. तुमचं-माझं भांडण मात्र मिटलेलं नाही. दमलेय हे तुम्ही आम्हाला सांगायला हवं होतंत, यावर मी ठाम आहे. आम्हाला दिसायला हवं होतं, असं तुम्ही म्हणाल. म्हणा. आता मी मागेच बसतोय, म्हणायला यायचं तर तिथे या.

परत जाताना एस्तेर स्कूटरवर मागे बसली होती. अंबरनाथ मागे पडलं. आपल्या बाकावर तिला एकटी सोडून मी मागे गेलो, त्याचा हिशेब घरी होणार असं धरून मी चाललो होतो. बदलापूरच्या अलीकडे पेट्रोलसाठी थांबलो, तेव्हा तिने माझ्या बाहीकडे बघितलं. पांढऱ्या शर्टावर बोटांचा निळा डाग होता. तिने तो अंगठ्याने जरासा पुसून बघितला. गेला नाही.

मग म्हणाली, "पुढच्या रविवारी थोडं सरकून बसा. मीपण दमलेय."